मशीनची पुढची बाजू

निजामपुऱ्यातल्या फणश्यांच्या घरी पगडी सांगायला येणारे लोक मागच्या खोलीच्या दारात जरा थबकतात. खिडकीपाशी एक काळे, जुने शिवणयंत्र आहे. नेहमीच्या मशीनला सपाट पाट असतो. या मशीनच्या पाटावर वीतभर उंचीचा लोखंडी खांब उभा आहे आणि शिवण त्या खांबाच्या माथ्यावर पडते. पण लोक थबकतात ते खांबामुळे नाही. संयोगिताबाई त्या मशीनच्या मागच्या बाजूला बसतात. मशीनवरची सोनेरी अक्षरे भिंतीकडे आणि बाई पाठीकडे. एका पाहुण्याने मला हळूच विचारलेही, "काका, कुठल्या बाजूनं बसायचं ते यांना कोणी सांगितलं नाही का?"

ते कसे झाले हे मला ठाऊक आहे. मी शेजारी राहतो, आणि त्या वर्षी, म्हणजे १९९७ साली, मला निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. दुपारी काही काम नसे. मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार पाने मागितली तेव्हा मी आधी नाही म्हटले होते. कॉलेजच्या वर्कशॉपात तीस वर्षे स्टोअरकीपर होतो, पत्रापलीकडे कधी फार लिहिले नाही. नंतर वाटले, ते सगळे चालले असताना टॉर्च धरून उभा मीच होतो, तेव्हा सांगायचे तर मलाच सांगावे लागेल.

संयोगिताबाईंचे सासरे पिलाजीराव फणसे. त्यांचे आजोबा आणि वडील दोघेही संस्थानच्या पलटणीत होते. पलटणीत ज्याला डोक्याचे बांधणे चांगले जमे त्याच्याकडे बाकीचे जात, तसे ते काम फणश्यांच्या घरात आले आणि पलटणी मोडल्या तरी घरात राहिले. पिलाजीरावांनी नोकरी जकातनाक्यावर केली आणि उरलेल्या वेळात आमच्या मराठी लग्नांच्या पगड्या बांधल्या. बडोद्यात ज्यांना घडवलेली पगडी हवी असे, डोक्यावर गुंडाळलेला फेटा नको असे, ते त्यांच्याकडे येत.

पगडीचे काम दिसते त्याहून कठीण असते. खळ लावून कडक केलेल्या कापडाचे आतले टोपले, त्यावर जरीच्या पट्टीचे पेच. प्रत्येक पेच टाका घालून खालच्या टोपल्याला बसवायचा. शेवटी शेवटी सात पदर होतात. त्या सात पदरांतून जाड सुई अंगठ्याने ढकलायची. पिलाजीराव उजव्या अंगठ्यावर चामड्याचे अंगुस्तान चढवत, झिजून काळेभोर झालेले. पगडी बांधताना त्यांच्यासमोर, चार हात अंतरावर, संयोगिताबाई बसत आणि पट्टी ताणून धरत, खळ लावत, सुया ओवून देत. पंधरा वर्षे हे चालले होते. सुनेने सासऱ्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसायचे नाही ही त्या घरची रीत, म्हणून नेहमी समोर. हे समोर बसणे लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला अलकापुरीतले धैर्यशीलराव नारळ घेऊन आले. डिसेंबरात मुलाचे लग्न, एकतीस पगड्या हव्यात. पिलाजीरावांनी नारळ घेतला. त्या घरात नारळ घेतला म्हणजे शब्द दिला, मग कागद लागत नाही. आणि पावसाळ्यात त्यांचा अंगठा गेला. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजला आहे, आराम द्या. आराम दिला, मालिश झाली, गरम पाणी झाले. श्रावणात त्यांनी एक पगडी घेऊन पाहिली. तिसऱ्या टाक्याला सुई हातातून गळली. त्यांनी ती उचललीही नाही.

धैर्यशीलरावांच्या कानावर गेलेच. ते आले तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. हातात नवा मोबाईल होता आणि तो ते सारखा या हातातून त्या हातात घेत होते.

"आबासाहेब, टेन्शन घेऊ नका. पुण्याहून रेडीमेड मागवतो. आत फोम असतो हल्ली, एकदम हलक्या. कुरियरनं चार दिवसांत दारात."

"फोम," पिलाजीराव म्हणाले.

"हो ना. घाम शोषून घेतो."

"म्हणजे उशी. नवरदेव काय डोक्यावर उशी बांधून निजायला निघालाय का लग्नात?"

धैर्यशीलराव हसले, पण जाताना म्हणाले, "दिवाळीनंतर एकदा येतो. तेव्हा काय ते नक्की सांगा."

ते गेल्यावर पिलाजीरावांनी अंगुस्तान काढून देवघराच्या फळीवर ठेवले. म्हणाले, "भास्करराव, शब्द परत करायची पाळी आमच्या घरावर आजवर आली नव्हती. हा परत केला की सुई बंद. मग नावही काढायचं नाही."

त्यांचा मुलगा समरजित कंपनी बंद पडल्यापासून एका सोसायटीत सुरक्षेचे काम पाहत असे. त्याला सुई धरता येत नसे आणि तो तसे मोकळेपणाने सांगे. संयोगिताबाई आत उभ्या होत्या. त्यांची नजर फळीवरच्या अंगुस्तानावरून हलत नव्हती.

संयोगिताबाईंचे माहेर प्रतापनगरचे. वडील रेल्वेत फिटर. लहानपणी त्या वडिलांच्या शेजारी बसून पाने आणि नट ओळखायला शिकल्या. आमच्या गल्लीतल्या बायका बंद पडलेला मिक्सर दुकानात नेत नसत, फणश्यांकडे नेत. त्यांनी आधी घरच्या शिलाई मशीनवर पगडी घालून पाहिली. सपाट पाटावर पोकळ, गोल वस्तू बसणार कशी? टोपले चेपले. त्या म्हणाल्या, "काका, पाट वर यायला हवा. पगडीच्या आत जाईल असा पाट."

असा पाट त्यांना आठ दिवसांनी सापडला, छाणीला कनुभाईंच्या भंगाराच्या वाड्यात. मिक्सरची मोटर शोधायला गेल्या होत्या, मी पिशवी धरायला. एका बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्याचा माल आला होता. लोखंडी कपाटांच्या मागे ते मशीन आडवे पडले होते. गंजून लाल, खांबावर कोळ्यांची जाळी. कोणत्या तरी जर्मन कंपनीचे, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे. बूट खांबावर चढवून शिवायचा, म्हणून खांब.

संयोगिताबाईंनी पदर खोचला, पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि खांबाच्या माथ्यावर पालथा घालून फिरवून पाहिला. डबा गोल फिरला.

कनुभाई म्हणाले, "बेन, आ मशीन नथी, लोखंड छे. वजनावर घेऊन जा."

"वजनावरच द्या," बाई म्हणाल्या. "मशीन आम्ही करून घेऊ."

लारीवर घालून ते घरी आणले तेव्हा पिलाजीराव अंगणात उभे होते. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली.

"कशाचं आहे?"

"बुटाचं," मी म्हणालो. मला खोटे बोलायला वेळ लागतो.

"पायाचं मशीन! आणि त्यावर नवरदेवाच्या डोक्याची पगडी? सूनबाई, उद्या वहाणा देवघरात ठेवाल."

संयोगिताबाई सासऱ्यांशी मान खाली घालून बोलत. तशीच मान खाली घालून त्या म्हणाल्या, "आबासाहेब, तुमच्या अंगठ्यावरचं अंगुस्तान कशाचं आहे?"

पिलाजीरावांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

"चामड्याचंच ना? छाणीच्या चांभाराकडून मीच शिवून आणलंय. चाळीस वर्षं असल्याच चामड्याच्या अंगठ्यानं सगळ्या नवरदेवांच्या पगड्या दाबल्यात तुम्ही."

समरजितला हसू आवरेना, तो लारीवाल्याला पाणी देण्याच्या निमित्ताने आत पळाला. पिलाजीरावांनी मशीनकडे पाठ केली. "मागच्या खोलीत ठेवा. मी तिकडे फिरकणार नाही," म्हणाले. नाही म्हणाले नाहीत एवढे आम्ही धरून चाललो.

मग दीड महिना दुपारी मी त्या खोलीत असे. पहिले तीन दिवस नुसते रॉकेल. कापसाचे बोळे भिजवून प्रत्येक सांध्यावर ठेवायचे आणि वाट पाहायची. घाई करणारा माणूस इथे स्क्रू मोडतो. बाईंनी घाई केली नाही. त्या पान्याच्या टोकावर हलकेच ठोकत, थांबत, कान लावून पुन्हा ठोकत. "बाबा म्हणायचे, गंज ऐकू येतो," असे त्या म्हणाल्या. मला काही ऐकू आले नाही, पण चौथ्या दिवशी मोठे चाक अर्धा इंच हलले आणि त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या पटेलबेन धावत आल्या. "शुं थयुं? काय झालं?" चाक अर्धा इंच हलले हे ऐकून त्या परत गेल्या.

निघालेला प्रत्येक भाग मी वर्तमानपत्रावर ठेवून त्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढत असे आणि शेजारी आकडा घालत असे. स्टोअरमधली सवय. एकशे त्रेचाळीस भाग निघाले. परत बसवताना एकशे त्रेचाळीसच बसले, याचा मला अजून थोडा अभिमान आहे.

मशीनला मोटर नव्हतीच. ते बरेच झाले, बूट शिवायचा वेग पगडीला नको होता. घरच्या जुन्या शिलाई मशीनचे पायटे त्याखाली बसवले, पाय हलवाल तेवढेच चालेल असे. मग दोन अडचणी आल्या. खांबाच्या माथ्यावर कापड पुढे सरकवणारे एक चाक असते, रुपयाएवढे. त्याला बारीक दाते. चामड्याला ते ठीक, पण जरीवर दाते उमटायचे आणि जर तुटायची. बाईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून पंक्चरच्या सोल्युशनने त्या चाकावर चिकटवली. मग चाक जाड झाले म्हणून फिरेना. पुन्हा काढून दाते घासले, पट्टी पातळ केली, पुन्हा चिकटवली. चौथ्या वेळी जमले.

दुसरी अडचण अशी की टाक्याच्या जागी जर कापल्यासारखी होई. बाई दोरा बदलत होत्या, ताण बदलत होत्या. मला कारण कळले होते, पण सांगावे की नाही यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "माझं चुकत असेल, पण ही सुई चामड्याची आहे. हिचं टोक चाकूसारखं असतं. कापडाला गोल टोकाची लागते."

त्यांनी सुई काढून नखावर फिरवली. "काका! दोन दिवस तुम्ही हे पोटात घेऊन बसला होता?"

"वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"बस ने, काका! पुढच्या वेळी माहीत असलं तरी सांगा."

मध्ये नवरात्र आले. खंडेनवमीला फणश्यांकडे आजोबांची तलवार पाटावर मांडतात, तिच्याशेजारी कात्री, सुया, पगडीचा साचा. संयोगिताबाईंनी झेंडूचे एक फूल मागच्या खोलीत नेण्यासाठी उचलले. पिलाजीरावांनी पाहिले. "बुटाच्या मशीनला हळदकुंकू नाही. ज्यानं अजून एक पगडी केली नाही त्याची पूजा कसली?" फूल परत ताटात गेले. मला वाईट वाटले. बाईंना वाटले असेल तर त्यांनी दाखवले नाही.

दिवाळीनंतर दुसऱ्याच आठवड्यात मशीनवर पहिली पगडी चढली. खांब टोपल्याच्या आत, पेच वरून, पायटे सावकाश. सुई सात पदरांतून गेली. पाण्यातून जावी तशी गेली. टाका टाक्याशेजारी पडत पगडी खांबावर फिरत राहिली. मी टॉर्च धरून टाकेच पाहत राहिलो. "काका, उजेड," बाई म्हणाल्या. मी टॉर्च पुन्हा सुईवर धरली.

धैर्यशीलराव आले तेव्हा त्यांना बाईंनीच सांगितले, पुण्याला फोन करू नका. पंधरवड्यात नऊ पगड्या झाल्या. समरजितने एक डोक्यावर चढवली, कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला, मिशीवर हात फिरवला. "एकदम बरोबर! आजोबांच्या फोटोसारखी!" आणि वडिलांना हाक मारायला गेला.

पिलाजीराव पहिल्यांदाच त्या खोलीत आले. नऊ पगड्या खाटेवर ओळीने मांडल्या होत्या. त्यांनी एक उचलली, आतून डावा अंगठा फिरवला. टाके पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी पगडी सरळ केली, समोरून पाहिली, आणि तोंडावरचा रंग उतरला. दुसरी उचलली. तिसरी. मग खाटेच्या कडेवर बसले.

"सूनबाई, पेच कुठून कुठे चढलेत?"

बाईंनी खाटेवरची एक पगडी उचलून समोर धरली.

"आपले पेच कपाळावर उजवीकडून डावीकडे चढतात. हे डावीकडून उजवीकडे. नऊच्या नऊ. उलटा पेच या घरात एकदाच बांधतात. बाप गेल्यावर, तेराव्या दिवशी, मुलाच्या डोक्यावर." त्यांनी समरजितकडे पाहिले. त्याच्या डोक्यावर पगडी अजून तशीच होती. त्याने ती घाईघाईने काढली.

पंधरा वर्षे पाहिलेले काम बाईंनी उलटे कसे केले? मी त्या दिवशी घरी जाऊन पाटावर दोरी घेऊन बसलो आणि मला कळले. त्या समोर बसत. समोरून त्यांच्या हातांनी जे घेतले ते आरशातले होते. आणि मशीनने त्यांना दुजोरा दिला, कारण ते मशीन कापड एकाच दिशेला, शिवणाऱ्यापासून दूर ढकलते, आणि पगडी खांबावर त्याच उलट्या अंगाने फिरत होती. त्यांचे हात आणि मशीन एकाच बाजूला चुकत असल्यामुळे काम लोण्यासारखे झाले. आमच्यापैकी कोणाचे लक्ष पेचांकडे नव्हते, सगळे टाके पाहत होतो. आणि समरजितने पाहिले ते आरशात. आरशात ती बरोबरच दिसणार.

लग्नाला सतरा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी सरळ पेच घालून मशीनवर शिवून पाहिले. कापड पुढे गोळा होऊन सुरकुत्या पडल्या. पगडीचे तोंड फिरवून दुसऱ्या बाजूने घालून पाहिली, तर ती मशीनच्या मानेला अडकू लागली. तीन वाजेपर्यंत त्यांनी सगळे करून पाहिले. मग पायट्यावरचा पाय काढून नुसत्या बसून राहिल्या. त्यांना इतक्या दिवसांत प्रथमच मी रिकाम्या हाताने पाहिले.

बाहेरून पिलाजीरावांचा आवाज आला. "समरजित, धैर्यशीलरावांना फोन लाव. सांग, पुण्याहून मागवा."

संयोगिताबाई उठून दारात गेल्या. "आबासाहेब, चार दिवस द्या."

"चार दिवसांत काय होणार? मशीन जसं शिवतं तसंच शिवणार."

"मशीन मी उलटं फिरवते."

"आणि नाही फिरलं तर?"

"तर पाचव्या दिवशी फोन मी स्वतः करीन. शब्द तुमचा, पण परत करायला मी जाईन."

पिलाजीरावांनी समरजितला हातानेच थांबवले.

मशीन उलटे फिरवायचे म्हणजे काय, हे मला त्यांनी पेन्सिलीने काढून दाखवले. खांबाच्या पायथ्याशी दोन लहान दातेरी चाके एकमेकांत काटकोनात अडकलेली असतात. त्यातले एक दुसऱ्याच्या अलीकडे आहे, ते पलीकडे नेऊन बसवले की वरचे सरकवणारे चाक उलटे फिरेल आणि कापड शिवणाऱ्याकडे येऊ लागेल. पण पलीकडे ते चाक धरायला जागाच नव्हती. त्यासाठी लोखंडाची एक नळी हवी, बोटाच्या पेराएवढी, अगदी मापाची. छाणीला कनुभाईंच्या शेजारी लेथ होती. पहिली नळी केसभर सैल झाली आणि चाक घसरू लागले. दुसरीच्या वेळी बाई लेथवाल्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि दर वेळी स्वतः माप घेतले. लेथवाला वैतागून कनुभाईंना म्हणाला, "या बेनना इथेच नोकरीला ठेवा." कनुभाई म्हणाले, "नको, मग मला भंगार विकायला काही उरणार नाही."

चौथ्या दिवशी दुपारी नळी बसली. बाईंनी पायटे दाबले. वरचे चाक उलटे फिरले आणि कापड सरळ त्यांच्या अंगावर येऊ लागले. सुई आणि मशीनची मान यांच्यामधून हात घालून ते ओढायला जागा नव्हती. मी म्हणालो, "आता हे तुमच्याकडे येतंय, मग धरणार कसं?"  त्या एकदम उठल्या, उशीसकट स्टूल उचलले, मशीनला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि मागच्या बाजूने बसल्या. पायटे फिरवून घ्यायला समरजितला बोलावले. आता कापड त्यांच्यापासून दूर जात होते, सरळ पेच सरळ अंगाने फिरत होते, आणि मशीनची अक्षरे भिंतीकडे होती.

दारात पिलाजीराव उभे होते. केव्हा आले कळले नाही.

"हात चुकतोय अजून," ते म्हणाले. "पट्टी डाव्या हातात घ्या. अशी नाही. अशी." त्यांनी हवेत करून दाखवले, आणि बाईंनी समोरून पाहून पुन्हा उलटेच केले. पिलाजीराव थांबले. मग त्यांनी भिंतीजवळचे दुसरे स्टूल पायाने सरकवत आणले आणि मशीनच्या मागे, सुनेच्या शेजारी टाकून त्यावर बसले. बाई उठू लागल्या.

"बसा," ते म्हणाले. "समोरून शिकवलं ती चूक माझी. आता माझ्या बाजूनं बघा."

पुढचे तेरा दिवस ते दोघे मशीनच्या मागे आणि मी पुढे, टॉर्च घेऊन. नऊ पगड्या उसवून पुन्हा बांधल्या. गोल सुईची भोके पाण्याचा हात लावला की मिटत, ही माझी सुई कामाला आली असे बाई मला मुद्दाम ऐकवत. पिलाजीराव बोलून दमत नव्हते. "पेच ओढू नका, बसवा. ओढलेला पेच वरातीत मान टाकतो." कधी मशीनलाच दटावत, "सावकाश रे, बूट नाही हा." तीस पगड्या मशीनवर झाल्या. एकतिसावी, नवरदेवाची, त्यांनी स्वतःच्या हाताने बांधायला घेतली. एका वेळी चार टाके, मग अंगठा गरम पाण्यात. कोणी त्यांना नको म्हटले नाही.

लग्नाच्या सकाळी अलकापुरीतल्या हॉलमध्ये टेबलावर एकतीस पगड्या मांडल्या. सगळ्यांचे कापड एक, जर एक. नवरदेवाच्या पगडीला खूण म्हणून बाईंनी आत लाल दोरा बांधला होता, तो टेम्पोत कुठे गळून पडला. धैर्यशीलराव घड्याळ पाहत होते. "आबासाहेब, वरात दारात आहे. नवरदेवाची कुठली?"

"माझी मला कळणार नाही होय?" पिलाजीरावांनी पहिली पगडी उचलली, आत अंगठा फिरवला, ठेवली. दुसरी. तिसरी. ओळ संपली. ते पुन्हा सुरुवातीपासून निघाले. बाहेर बँड वाजत होता. दुसऱ्यांदा ओळ संपली तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"भास्करराव, माझी कुठली हो?"

"मला काय कळणार, आबासाहेब?"

त्यांनी सुनेकडे पाहिले. संयोगिताबाई मान खाली घालून पुढे झाल्या, तीन-चार पगड्या उलट्या केल्या आणि एक त्यांच्या हातात दिली.

"कशावरून?"

"यात सहावा टाका वाकडा आहे. मशीनचा टाका वाकडा जात नाही."

पिलाजीरावांनी तो टाका अंगठ्याने चाचपला. मग ते असे हसले की त्यांना टेबलाला धरावे लागले. "ऐकलंत, धैर्यशीलराव? सरळ टाका सुनेचा, वाकडा माझा! लिहून ठेवा. पुढचा नारळ तिच्या हातात द्यायचा." धैर्यशीलरावांना काय झाले ते पुरते कळले नव्हते, पण त्यांनी हो हो म्हटले आणि मोबाईल खिशात ठेवून आपली पगडी चढवून घेतली. एकतीस माणसे वरातीत गेली. पिलाजीराव हॉलच्या पायरीवर उभे राहून प्रत्येकाचे कपाळ पाहत होते. उजवीकडून डावीकडे. एकही पेच मान टाकत नव्हता.

त्या एका मोसमात आणखी सहा घरांचे नारळ आले आणि सहाही संयोगिताबाईंनी घेतले. पण मला सांगायचे आहे ते पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीचे. समरजितने पाट मांडला, तलवार पुसून ठेवली, कात्री, सुया, साचा ठेवला. पिलाजीराव सोवळे नेसून आले आणि पाहत उभे राहिले.

"मशीन कुठे आहे?"

"बाबा, ते दोघांना उचलवत नाही. देवघरात कसं आणणार?"

"मग तलवार तिकडे न्या."

"तलवार? मागच्या खोलीत?"

"ऐकू आलं ना? आजोबांची तलवार हलकी आहे, तिला जाता येतं."

अशी ती तलवार निघाली, पाठोपाठ पाट, ताट, समई, आणि आम्ही सगळे. मागच्या खोलीत खांबाच्या पायथ्याशी तलवार ठेवली. पिलाजीरावांनी खांबाला झेंडूची माळ घातली आणि देवघराच्या फळीवरचे आपले अंगुस्तान आणून खांबाच्या माथ्यावर उपडे घातले. ते तिथे टोपीसारखे बसले. समरजितने निरांजन पेटवले आणि गोंधळून थांबला. एका बाजूला सोनेरी अक्षरे होती, दुसऱ्या बाजूला स्टुलावरची उशी.

"बाबा, आरतीला कुठल्या बाजूनं उभं राहायचं? याची पुढची बाजू कुठली?"

"त्यात काय विचारायचं?" पिलाजीराव म्हणाले. "जिकडे सूनबाई बसतात, ती पुढची."

आम्ही सगळे वळसा घालून पलीकडे गेलो.